दस्तगीरनं सोडलेली पकड

टाळ जरा खाली ठेवा मंडळी, आणि मला एवढं सांगा — माणसानं 'दमलो' म्हणावं की म्हणू नये? देवापुढं आपण रोज म्हणतो. पायरीवर बसतो आणि सांगतो, देवा, थकलो, आता तूच बघ. तिथं लाज वाटत नाही. मग बापापुढं, भावापुढं म्हणताना जीभ का अडते? मी उत्तर देत नाही. घडलं ते सांगतो. ऐका.

वारणेच्या काठाला एक गाव. नाव सांगत नाही, तिथले पाव्हणे इथं बसलेले असायचे. मागं एकदा नाव घेतलं, तर एक गृहस्थ उठून उभे राहिले आणि माझं कीर्तन त्यांनीच पुरं केलं. असो. त्या गावात येसबा खराडे नावाचे वस्ताद होते. तालमीतल्या पोरांसाठी स्वतः बदाम घोटणारे, कुणाचा पाय मुरगळला तर तासतास शेकत बसणारे. पण तालमीचा एक कायदा होता. तिथं 'दमलो' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं लंगोट उचलायचा आणि घर गाठायचं.

त्यांचा पठ्ठा पैलवान हिंदुराव पाटोळे. वय तेवीस. बाप लहानपणीच गेलेला, दहाव्या वर्षापासून वस्तादांनीच वाढवला. वस्ताद म्हणतील ती त्याची पूर्व दिशा.

त्या साली चैत्राच्या जत्रेत शेवटची, मानाची कुस्ती हिंदुरावची ठरली. समोर मिरजेकडचा दस्तगीर मुजावर. बक्षिसाला चांदीची गदा लावलेली. वस्तादांनी दोन महिने आधी मेहनत दुप्पट केली. पहाटे दोन हजार बैठका, हजार जोर, मग हौदातली माती खणायची, मग पाच जणांशी एकामागून एक लढत. संध्याकाळी पुन्हा तेच.

पहिला महिना पोरानं काढला. दुसऱ्यात अंग बोलायला लागलं. तांब्या दोन हातांनी उचलायचा. झोप लागेना, ताटातली भाकरी तशीच राहायची. सकाळी उठतानाच छाती धडधडायची, जणू आत्ताच धावून आलाय. दंड-मांड्या भरायच्या त्या उतरायला लागल्या. वस्तादांनी हे बघितलं नाही असं नाही. बघितलं आणि म्हणाले, मन लागंना झालंय पोराचं, मेहनत वाढवायला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, त्यानं सांगायचं की. कुणाला सांगायचं? आणि कुठल्या शब्दात?

जत्रेचा दिवस आला. ऊन असं, की माती पायाला चटके देत होती. वस्तादांनी त्याला सकाळपासून पाणी दिलं नव्हतं. जुनी समजूत, पाण्यानं अंग जड होतं. दुपारी चारला हलगी कडाडली, सलामी झाली. पंचांनी सांगून टाकलं, कुस्ती निकालीच होईल, बरोबरी नाही.

वीस मिनिटं दोघं एकमेकांना भिडून होते. मग दस्तगीरनं पट काढला आणि हिंदुरावला खाली घेतलं. हिंदुराव पालथा, मातीला चिकटलेला. वरून दस्तगीरची पकड. दहा हजार माणूस ओरडत होतं, आणि त्या दहा हजारांत एकट्या दस्तगीरला एक गोष्ट कळली. एवढ्या झटापटीनंतर पैलवानाच्या अंगावरून हात निसटतो, इतका घाम असतो. इथं हात निसटत नव्हता. अंग कोरडं होतं. कोरडं, आणि तव्यासारखं तापलेलं.

त्यानं कानाशी तोंड नेलं. म्हणाला, "पैलवान, तुझं अंग बरं न्हाई. हात वर कर, कुस्ती सोड."

हिंदुरावचे डोळे फिरायला लागले होते. तरी तो एवढंच बोलला, "वस्ताद बघत्यात."

दस्तगीरनं पंचांना खुणावलं, ह्याला सावलीत न्या. पंचांना वाटलं डाव आहे. म्हणाले, कुस्ती चालू ठेवा. आता चित करायचा तर मानेवर गुडघा देऊन पिळायला हवा होता. दस्तगीरला ते येत होतं. पण हा हातातच मरेल, हेही दिसत होतं.

त्यानं पकड सोडली. उठून उभा राहिला, हात जोडले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी दमलो. मी हरलो."

पंचांनी हिंदुरावचा हात वर केला, तसा तो कोसळला. वस्ताद धावत आले, मिठी मारायला हात घातले आणि तसेच थांबले. तिकडं लोक दस्तगीरवर चपला फेकत होते. विकला गेला, म्हणत होते. चपला खात तो ओरडत होता, पाणी घाला त्याच्यावर, पाणी.

हिंदुराव वाचला. बारा दिवस दवाखान्यात होता. मूत्रपिंडाला इजा झाली, मोठी कुस्ती कायमची सुटली. पुढं त्यानं दूध डेअरीत काम धरलं, लग्न केलं, संसार चांगला झाला. दस्तगीरला मात्र दोन वर्षं कुठल्या मैदानानं बोलावलं नाही.

महिन्यानं वस्ताद ती गदा घेऊन त्याच्या दारी गेले. विचारलं, तू जिंकत होतास, मग का सोडलंस? दस्तगीरनं आधी त्यांना बसायला घोंगडं टाकलं. मग म्हणाला, "वस्ताद, मी दमलो नव्हतो. पण तुमच्या पैलवानाला तो शब्द म्हणायची मुभा नव्हती. कुणीतरी म्हणायला पायजे होता."

वस्तादांनी गदा त्याच्यापुढं ठेवली. पुढच्या जत्रेत कर्ण्यावरून सांगितलं की ती कुस्ती दस्तगीरची होती आणि चूक माझी होती. काहींनी मानलं, काहींनी नाही. जत्राच ती.

आता माझ्याकडं बघू नका मंडळी. आपापल्या घराकडं बघा. वस्तादांचा त्या पोरावर जीव होता, म्हणूनच ते लांबून डोळे भरून बघत होते. आणि कळलं कुणाला? ज्यानं अंगाला हात लावला होता त्याला, आणि तो तर हरवायला आलेला. तुमच्या घरात असं कोण आहे, जे तुम्ही बघताय म्हणून पडायचं थांबलंय? सून असेल. धाकटा भाऊ असेल. सत्तरीची आई असेल, अजून पाणी भरणारी. आज घरी गेलात की त्याला काही विचारू नका, खरं उत्तर येणार नाही. पाठीवर हात ठेवा. हाताला काय लागतं ते बघा. मग देवाचं नाव घ्यायला या.