पिच्चर चांगला का वाईट, आश्रुबाला विचारा!

...आन् वर म्हणत्यात काय, तर आश्रुबानंच भांडण लावलं! ऐका! ज्या माणसानं तोंड उघडलं न्हाई, त्यानं भांडण लावलं! आवो, तुमाला सांगतो, आश्रुबाला भांडायचंच नव्हतं! कावून भांडंल तो? फौजेतून पाय अधू करून आलेला गडी, दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलेला, डोक्यावर उन्हाचा जाळ, हातात हातोडी, म्होरं दगड... त्याचं भांडण आसलंच तर त्या दगडाशी, आन् दगड उलटून बोलत नव्हता, म्हणून दोघांचं बरं चाललेलं!

पण दुसऱ्याचं बरं चाललेलं बघवंल तर ते आमचं गाव कसलं?

त्या वक्ताला सोसायटीची निवडणूक लागलेली. पेरायला दाणा न्हाई, हिरीत पाणी न्हाई, जनावरं छावणीत, माणसं खडीवर, पण निवडणूक मातर टायमावर! इकडून चेरमन अर्जुनराव, तिकडून सुंदरराव. तर अर्जुनरावानं काय करावं? कडा गावच्या बाजारात तंबूचा सिनेमा आलता, तो उचलून गावात आणला, फुकट! म्हणला, "लोकं कावलीत, जरा मनोरंजन व्हऊ द्या." आन् मनोरंजन कोणतं, तर लढाईचा पिच्चर!

पिच्चर आसा, की पाच शिपाई. पाचीजणांची रजा मंजूर, ट्रंका भरलेल्या, ट्रकात बसून घरी निघालेत... तेवढ्यात साहेब आडवा येतो, "उतरा खाली! म्होरचा पूल राखा!" एक म्हणतो माझं लगीन हाय, एक म्हणतो पोट दुखतंय, एक तर ट्रकाखालीच जाऊन झोपतो! कुणालाच लढायचं न्हाई! पण त्यातला एकजण गोळी लागून पडतो, त्याला उचलता येईना, त्याला टाकून जाता येईना, म्हणून बाकीचे थांबत्यात. आन् मंग काय... तोफा, बाँब, एकाचा हात इकडं उडाला, एकाचं पाऊल तिकडं, रक्ताचा निस्ता चिखल! वाऱ्यानं पडदा हालला की रणगाडा नाचायचा, आन् बाया पदरात तोंड घालायच्या. शेवटाला पूल राहतो, पाचातला एकच राहतो, बाकीचे सगळे गेले.

झालं? झालं! घरी जावं, झोपावं! पण न्हाई!

सकाळी खडीवर सुरू. अर्जुनरावाची माणसं म्हणली, "वा! एक नंबर पिच्चर!" आता अर्जुनरावाच्या माणसानं चांगला म्हणला, तर सुंदररावाच्या माणसानं बी चांगला म्हणायचा का? मंग पॅनल कशाला काढलं? सुंदररावाचा पुतण्या गहिनीनाथ, अंगानं रेड्यावाणी, हातात खडक फोडायचा घण, तो म्हणला, "ह्यॅ! ह्ये हिरो व्हय बे? ट्रकाखाली लपत्यात! हिरो म्हंजी कसा पायजे, एकट्यानं धा लोळवणारा!" इकडून अर्जुनरावाचा सटवा उठला, किडकिडीत, पण आवाज लाऊडस्पीकरचा, "आरं, भ्या वाटून बी जो थांबला तोच खरा हिरो! तुला काय कळतंय? तू तर इंटरवलच्या आधीच घोरत व्हता!"

आन् बायांचं तिसरंच! भिवराबाई म्हणली, "ते हिरो जाऊ द्या चुलीत. त्या पुलाखालून पाणी किती वाहत व्हतं गं बाई! दोन्ही थड्या भरून! मी तर लढाई बघितलीच न्हाई, पाणीच बघत बसले. मेल्यांनी त्यात बाँब टाकला!" आन् तुमाला सांगतो, सगळ्या बाया एका सुरात हळहळल्या. माणसं मेली त्याचं न्हाई, पाणी उडालं त्याचं!

आन् आश्रुबा? आश्रुबा दगड फोडतोय. मान खाली.

"फौजी, तुमी सांगा! तुमी लढाई बघितलीय!" सटवा म्हणला.

"मला काय इचारू नका," आश्रुबा म्हणला.

"आवो, पिच्चर खरा का खोटा, येवढंच सांगा!"

"मला खडी फोडू द्या राव."

तुमाला सांगतो, आश्रुबाला भांडायचंच नव्हतं! त्याला तर फौजेत बी जायचं नव्हतं! नगरला भरतीला दोस्त गेलता, ह्यो निस्ता त्याची भाकर धरायला संगं गेलता. दोस्ताची छाती कमी भरली, आन् साहेबानं भाकर धरलेल्या ह्यालाच बोट दाखवलं, "तू आ!" झाला फौजी! आन् म्होरं सरहद्दीवर वाळूतल्या लढाईत काय झालं ते त्यानं गावाला कधी सांगितलं न्हाई, मला ते त्याच्या पलटणीतल्या एकानं सांगितलं. मेडल पेटीत, पेटी माळ्यावर. त्याच्या शेजारचा पारनेरकडचा गडी पोट फाटून पडलेला, पाणी मागत व्हता, आन् आश्रुबाच्या बाटलीला गोळीनं भोक पडलेलं. पाणी वाळूत. ह्यो त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. वर तोफा चाललेल्या, सगळी मागं सरकलेली, ह्यो बसलेला. त्याला लोकं शौर्य म्हणली. त्याला सोत्ताला काय म्हणावं कळलं न्हाई, म्हणून तो गप राहिला, तो आजपतूर.

तर पिच्चरमधला तो पडलेला गडी पाणी मागायला लागला, तवा आश्रुबानं तोंडावर टॉवेल घेतला. आन् हे गहिनीनाथानं बघितलं व्हतं!

"ह्यो काय सांगंल?" गहिनीनाथ वरडला, "रात्री बाईवाणी मुसमुसत व्हता! फौजी म्हणं! तिकडं बटाटे सोलत आसंल, न्हाईतर पिच्चर बघून कुणी रडतंय व्हय?"

आश्रुबाची हातोडी थांबली. येवढंच. तो काईच बोलला न्हाई, खरं सांगतो, आईच्यान! त्यानं हातोडी परत उचलली आन् दगडावरच मारली. पण सटव्याला न्हाई राहवलं. सटव्यानं खडी उचलली आन् सणकन गहिनीनाथाच्या कपाळावर! फाटलं की हो कपाळ! डोळ्यात रगत!

आन् मंग जे पेटलं...! आता इचार करा, कुठं पेटलं? खडीवर! दगडाला तोटा हाय का? ढीगच्या ढीग! सरकारसाठी फोडलेली खडी लोकं एकमेकाच्या डोक्यात घालायला लागली! कुणाचा कान लोंबला, कुणाची नडगी सोलली, एकाचा दात खडीत पडला, आन् खडीत पडलेला दात सापडतोय व्हय? मुकादमानं तो बी मापात धरला! सख्खा भाऊ सख्ख्या भावाच्या छाताडावर बसलेला, एकजण पॅनल इसरून मागच्या साली बांध कोरलेल्याला शोधत फिरतोय! भिवराबाई टोपलं घेऊन घुसली, तिनं दोन्हीकडचे हाणले, "मला पॅनल-बिनल कळत न्हाई! माझी घागर कुणी लवंडली तेवढं सांगा!" अर्ध्या कोसावरनं आणलेलं पाणी, मातीत. त्या पाण्यावर कुणाचं तरी रगत तरंगलं आन् तिथंच जिरलं.

इथपतूर हसायचं. ह्याच्या म्होरं हसू नका.

सटवा पळता पळता खडीवर घसरला, उताणा पडला. आन् गहिनीनाथ त्याच्या उरावर उभा, डोळ्यात रगत उतरलेलं, त्याला धड दिसत बी नसंल... त्यानं घण दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलला. खडक फोडायचा घण! सटव्याचं डोकं म्हंजी काय, मडकं! सगळी बघत राहिली. येवढी मारामारी करणारी माणसं, पण हालंना कुणी!

आन् तुमाला सांगतो, आश्रुबाला भांडायचंच नव्हतं! पण तो उठला. अधू पाय वढत, लंगडत, मधल्या दगडांवर पडत, उठत... आन् घण खाली येताना त्यानं आपला हात मधी घातला.

कडाड्! वाळलेलं लाकूड मोडल्यावाणी. हाड कातड्यातून बाह्यार. घण सटव्याच्या कानाजवळ जमिनीत रुतला.

लोकांच्या हातातली खडी खाली पडली.

आश्रुबा तिथंच बसला, मोडलेला हात मांडीवर घेऊन. गहिनीनाथ बी त्याच्या म्होरं बसला, "दादा... म्या मारला आसता त्याला. मारलाच आसता."

"मारला आसता," आश्रुबा म्हणला, "मारायला काय लागतंय बाबा... पण मंग तो तुला जलमभर पाणी मागत राहिला आसता."

आन् मंग सटव्याकडं बघून म्हणला, "तू इचारत व्हतास ना? त्या पिच्चरमधलं बाकी मला काय ठाव न्हाई. तो पाणी मागत व्हता, तेवढं खरं हाय."

बस. फौजेतून आल्यापासून गावानं त्याच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात मोठं भाषण! भिवराबाईनं पदर फाडला आन् हात बांधला. गहिनीनाथ हुंदके देतोय, सटवा त्याच्या कपाळावर आपली टोपी दाबून धरतोय... कुठला चांगला पिच्चर आन् कुठला वाईट!

आता तुमी म्हणाल, गाव शहाणं झालं. झालं आसतं! पण पुढारी हायेत ना! घंट्याभरात दोन जीपा आल्या. अर्जुनराव म्हणला, "आश्रुबाला आष्टीच्या दवाखान्यात मी नेणार! त्यानं आमचा सटवा वाचवला, तो आमच्या पॅनलचा!" सुंदरराव म्हणला, "गहिनीनाथ फाशी गेला आसता, आश्रुबानं आमचं पोरगं वाचवलं, तो आमचा!" एक हात मोडलेला, दुसऱ्याला दोघं धरून वढत्यात! आश्रुबा वरडतोय, "आवो, मला कुणाच्याच पॅनलात यायचं न्हाई!" आन् लोकं टाळ्या वाजवत्यात, "बगा, कसा निःस्वार्थी!"

शेवटाला तडजोड. दोन्ही पॅनलांनी माघार घेतली, आन् आश्रुबा बिनविरोध चेरमन! त्याला इचारलं का? इचारायचं कशाला, तो तर दवाखान्यात झोपलेला!

प्लास्टर गळ्यात आडकवून त्याला खुर्चीत बसवला, हार घातले, फटाके उडाले. सगळी गेल्यावर त्यानं सेक्रेटरीला हळूच जवळ बोलावलं, "बाबा, हात जोडता येत न्हाईत म्हणून निस्तं इचारतो... राजीनामा द्यायचा आसला तर कुणाकडं द्यावा लागतो?"

सेक्रेटरी म्हणला, "चेरमनकडं."