हिबारीला थ्रेड बसवले त्याची गोष्ट

...आणि वर लोक मलाच विचारतात, "हातानाका, कुणी सांगितला होता हा उपद्व्याप?" अहो, कुणी सांगायला कशाला हवं! जगातल्या झाडून सगळ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांना थ्रेड आहेत, म्हणजे एकच प्रोग्रॅम चार कामं एकदम करतो, आणि आमची हिबारी? बावीस वर्षांची झाली, तरी एका वेळी एकच काम! टोमणे ऐकून ऐकून कान किटले हो... मला काय हौस होती?

तुम्हाला सांगतो, कुरोइवा सरांना विचारलं होतं मी. हिबारीचा निम्मा पसारा त्यांच्या हातचा, वय एकाहत्तर. दर महिन्याला आम्ही तोत्तोरी शहरात सोबाच्या शेवया खायला जमायचो, तिथेच विचारलं. सरांनी शेवया सुर्रकन ओढल्या, म्हणाले, "जरा कठीण दिसतंय." आता आमच्याकडे जपानात 'जरा कठीण दिसतंय' म्हणजे 'अजिबात नको', हे शेंबडं पोरही जाणतं! मला कळलं नव्हतं? चांगलं कळलं होतं! पण म्हटलं, कठीणच म्हणाले ना, नको कुठे म्हणाले? आणि बसलो दोन वर्षं खपत... मला काय हौस होती?

मग थ्रेड आले! आणि सरांचा तो गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहाचा जुना प्रोग्रॅम, कपड्यांच्या टोपलीचा नंबर देणारा... त्या बिचाऱ्याला एकेकाला नंबर द्यायची सवय! दारात यंत्रं झाली दोन, दोन थ्रेड एकदम डोकावले, दोघांना दिसली सतरा नंबरची रिकामी, दोघांनी दिली आपापल्या गिऱ्हाइकाला! झालं! पोस्टमास्तर आणि मासेवाला, दोघं उघडेबंब, टोपलीपुढे कमरेत वाकून, "आधी तुम्ही." "छे छे, आधी तुम्ही." "असं कसं, तुम्हीच!"... दोघांनाही सर्दी! आणि मालकीणबाईंनी फोन कुणाला केला? मला? नाही हो, सरांना! त्या माणसाला माझ्या चुकीसाठी माफी मागावी लागली. पुढच्या सोब्याला सर आलेच नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाहीत... फार वाईट वाटलं. हौस होती हो! हौसच होती मला!

शेवटी भाषेत एकच किल्ली ठेवली. किल्ली ज्या थ्रेडकडे, त्यानंच काम करायचं, बाकीच्यांनी थांबायचं. मग काळा सूट चढवला, योकान मिठाईचा खोका घेतला, सरांच्या दारात कपाळ टेकलं.

"किती थ्रेड चालतात आता?"

"हवे तेवढे, सर."

"आणि एका वेळी काम करतात किती?"

"...एक."

"पूर्वी?"

"...एकच, सर."

सरांनी चहा ओतला. मी धीर करून म्हटलं, "सर, या महिन्यात सोब्याला याल ना?"

सर हसले. किती छान हसतात हो ते...

"हातानाका," म्हणाले, "जरा कठीण दिसतंय."

या खेपेला मी न कळल्याचं सोंग केलं नाही. चहा संपवला, बूट घातले आणि निघालो.