संत्र्याच्या ढिगातलं जाकीट

प्रणाली : आणि वरून इस्तरी केली?

आशाबाई : मंग? चुरगळलेलं घालून जाईन का तो? धा लोकाईत उभा राह्यते माहा पोरगा. मांगच्या हप्त्यात रातभर सोड्यात भिजू घातलं, सकाई ब्रश मारला, दोन दिस उन्हात वाळवलं. अन् इस्तरी केली तं थ्या पांढऱ्या पट्ट्या कशा कडक झाल्या, पापडावानी.

प्रणाली : पापडासारख्याच झाल्यात आई. हे बघा, नख लावलं की पोपडे निघतात.

आशाबाई : मळ होता थो.

प्रणाली : मळ नव्हता. गाडीच्या उजेडात तेच चमकत होतं.

आशाबाई : जाकीट चमकाले काय थे पैठनी हाये? तूच म्हनते, पोट्टीचे दुपटे गरम पान्यात धुवा, कपडा स्वच्छ पाह्यजे. आता धुतलं तं म्हनते, धुतलं काऊन. तुह्या शिकलेल्या लोकाईचं मले काई समजतच नाई बाप्पा.

नितेश : काय चाललं? दोघी मिळून माह्या जाकिटाचं पोस्टमार्टम करून राह्यल्या का?

प्रणाली : अहो, तुमचं काम काय आहे, सांगा बरं आईंना.

नितेश : मायले मालूम नाही का? खुशालरावच्या यार्डात ट्रकामागं उभं राह्यचं अन् बोंबलायचं. येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस. वरूडात माह्यावानी 'बस' कोनालेच म्हनता येत नाही.

प्रणाली : पहाटे पाचला. डिसेंबरच्या धुक्यात. आणि ड्रायव्हरला तुम्ही फक्त आरशात दिसता.

नितेश : दिसतो ना. सहा फूट हावो.

प्रणाली : रंग तरी कोणता घेतला? खुशालरावांनी दोन आणले होते, पोपटी आणि नारंगी. सगळ्यांनी पोपटी उचलला. तुम्ही?

नितेश : धंदा संत्र्याचा, जाकीट संत्र्याचं. मॅचिंग.

प्रणाली : मॅचिंगच तर झालं! मागं पंधरा फुटांचा संत्र्याचा ढीग, पुढं तुम्ही नारंगी, आणि पट्ट्यांचे आईंनी पापड केलेले. ड्रायव्हरला काय दिसणार? ढिगातून एक मिशी 'येऊ दे' म्हणतेय?

आशाबाई : असं अभद्र बोलू नोको वं. मी त्याच्या गुंडीले काया दोरा बांधला हाये. नजर लागत नाई.

प्रणाली : नजर लागत नाही हाच तर घोळ आहे, आई. ड्रायव्हरची तरी लागायला पाहिजे.

नितेश : ऐक माय, ऐक. कालेज शिकलेली बायको.

प्रणाली : हसा. मी काल अमरावतीहून हे आणलंय. घालून बघा.

नितेश : हे? अवो, हा तं पोपट हाये. यार्डातले लोक मले हिरव्या मिरच्या चारतील.

प्रणाली : चारू द्या. चार दुकानं फिरले मी. एका ठिकाणी नुसती पांढरी कापडी पट्टी शिवलेली, आणि म्हणे, ताई, रेडियमच आहे. मी म्हटलं, लाइट बंद करा, मी टॉर्च मारते. तो म्हणाला, तुम्हाला जाकीट घ्यायचंय का जादू पाह्यचीय? मी उभीच राहिले. शेवटी केला बंद, पट्टी चमकलीच नाही. चौथ्या दुकानात माझ्या भावाला दोन स्वेटर घालून वरून हे घालायला लावलं. तुम्ही जाकीट नेहमी उघडंच सोडता ना, स्वेटरवरून बसत नाही म्हणून.

आशाबाई : तुह्या भावाले दुकानात दोन दोन सुटर? बिचारा. म्हून आजवर लग्न नाई जमलं त्याचं.

नितेश : अन् माय, तुले मालूम हाये का, हिनं जाकिटासंग आनलेली चमकपट्टी कुठं कुठं लावली? पोट्टीच्या टोपऱ्याले लावली. तुह्या चपलेले लावली. उद्या म्हशीच्या शिंगाले लावीन.

प्रणाली : लावली.

नितेश : घ्या.

प्रणाली : संध्याकाळी रस्त्यावर बसते ती. येणाऱ्याला नको का दिसायला?

आशाबाई : म्हशीचं सोड. मले हे सांग, काम करनाऱ्या मानसाचं ध्यान कुठं असते? वस्तू सांभाळाचं वळनच नाई ह्याले. सोमवारी डबा चेमटून आनला. तुह्या माहेरच्या आहेरातला, चार पुडाचा. रोज राखेनं घासून कसा आरशावानी ठेवला होता मी. इचारलं तं म्हने, हातातून पडला.

नितेश : पडलाच होता.

प्रणाली : पडलेल्या डब्याला एका कोपऱ्यात पोचा येतो. हा दोन्ही बाजूंनी दबलाय. झाकण बसत नाही. मी कालपासून बघतेय.

नितेश : तू डबे बी तपासते का आता?

प्रणाली : सोमवारपासून तुम्ही पोट्टी झोपली तरी तिला खाली ठेवत नाही. तासतासभर मांडीवर. एरवी म्हणता, पाय आखडले, घे इला. मी काही विचारलं नाही. सरळ जाकीट आणलं.

नितेश : लय झालं. चाल, पैज लाव. कोठीत अंधार हाये. माहं जुनं जाकीट जरा जरी चमकलं, तं उद्या थेच घालीन. नाई चमकलं तं तुहा पोपट.

प्रणाली : चला. आई, तुम्हीही चला. टॉर्च तुम्ही धरा, नाहीतर हे म्हणतील मी हात हलवला.

(तिघेही धान्याच्या कोठीत. दार लोटलेलं. नितेश जुनं जाकीट घालून आतल्या भिंतीशी, तुरीच्या पोत्यांना टेकून, दोघी दाराशी.)

प्रणाली : असा खाली नाही आई, कपाळाशी धरा मोबाइल. डोळ्याजवळ. ट्रकाचा दिवा आणि ड्रायव्हरचे डोळे एकाच बाजूला असतात ना, तसं.

आशाबाई : अशी? मले तं खानीत उतरल्यावानी वाटून राह्यलं. नितेश, कुठं हायेस?

नितेश : हावो ना. पोत्याईपाशी.

आशाबाई : पोते दिसते. तुहं तोंड थोडं थोडं दिसते. जाकीट तं मातीवानी दिसून राह्यलं... अन् थे खुंटीवर काय चमकून राह्यलं वं? डोयात घुसते.

प्रणाली : पोट्टीचं टोपरं. मीच टांगून ठेवलंय.

आशाबाई : एवढं?

प्रणाली : एवढंसं आहे. बोटभर पट्टी.

आशाबाई : नितेश, पैज हारला म्हून तोंड नोको लपवू.

नितेश : ...असंच होतं, सोमवारी.

प्रणाली : काय असंच होतं?

नितेश : असाच टेकून होतो मी. ढिगाले. नुसताच पोचलो होतो कामावर, डबा बी ठेवला नव्हता. धुकं एवढं, का हात लांब केला तं बोटं दिसेना. ट्रक मागं येत होता. मी म्हनलं येऊ दे. तो आला. मी म्हनलं बस. तो येऊनच राह्यला. बाजूचा ट्रॅक्टर चालू होता, त्यात आवाज गेला माहा. मागं सरकलो तं पाय संत्र्याईत. बाजूले व्हाले गेलो तं संत्रे पायाखालून घरंगळले.

आशाबाई : मंग?

नितेश : मंग डबा पुढं धरला. ट्रक थांबवाले. चार पुडाच्या डब्यानं धा टनाचा ट्रक. हुशार पोरगा हाये तुहा.

प्रणाली : अहो, थट्टा नको.

नितेश : बाजूनं येनाऱ्या दुसऱ्या गाडीच्या लाइटात थो डबा चमकला. ट्रकाचा क्लीनर खाली उतरला होता, त्यानं पाह्यलं, ट्रकाच्या फळीवर थापा मारल्या. थांबला ट्रक. डबा दबला मधात. क्लीनर म्हने, भाऊ, तुमी दिसलेच नाई, मले वाटलं ढिगात कोनी आरसा ठेवला.

प्रणाली : चार दिवस झाले.

नितेश : सांगून काय करत होती तू? मले बी पट्ट्या चिकटवल्या असत्या, आंगभर.

प्रणाली : हो.

नितेश : माय? टार्च खाली काऊन गेला?

आशाबाई : हात दुखला.

प्रणाली : आई, द्या मी धरते.

आशाबाई : नाई. मीच धरतो. तू त्याले थे दुसरं घाल.

नितेश : द्या बावा, करा पोपट.

प्रणाली : चेन वरपर्यंत लावा. आणि तो गळ्यातला दुपट्टा वरून नाही, आत. छातीवरची अर्धी पट्टी झाकते त्यानं.

नितेश : थंडी वाजते मले.

प्रणाली : आत घेतला तरी दुपट्टाच असतो तो.

आशाबाई : अन् प्रनाली, हे धुवाचं मंग तूच पाह्य. मी जाकिटाले हात लावत नाई आता. माह्या हातानं...

प्रणाली : नाही आई. तुम्हीच धुवा.

आशाबाई : मी?

प्रणाली : माझ्यापेक्षा तुमचा हात स्वच्छ आहे. फक्त सोडा नाही, ब्रश नाही. थंड पाण्यात, साधा साबण, हातानं. सावलीत वाळवायचं. आणि इस्तरी नाही. आत चिठ्ठी शिवलीय, पंचवीस वेळा धुता येतं. नंतर चमक जाते, मग नवं आणायचं.

आशाबाई : पंचवीस येळा. दुधाच्या रतिबावानी भिंतीवर टिकल्या लावतो मंग. चुनाच्या. म्हंजे चुकाचं नाई.

नितेश : अन् काया दोरा?

आशाबाई : बांधीन.

प्रणाली : बांधा. आतल्या खिशाला. पट्टीवर नको.

नितेश : झालं का तुमचं? पाह्यलं का? जिंकली तू. कर माय टार्च बंद, पोट्टी उठन.

आशाबाई : राहू दे अंमळ. नितेश, मांगं सरक जरा.

नितेश : मांगं पोते हायेत माय. जागा नाई.

आशाबाई : मंग टेक पोत्याईले. थ्या दिवशी टेकला होता, तसा.

नितेश : टेकलो.

आशाबाई : ...हं. दिसून राह्यला.