मास्तरांच्या जागेची वारस नोंद

(मार्च १९७३. घोडेगावच्या पुढचं एक गाव. कॉलेजची कचेरी, दुपारचे दोन.)

पुष्पावती : वारस? तात्या, तुम्ही मला नानांच्या जागेवर वारस लावलंय?

सहादूतात्या : लावलंय खरं. लई चुकलं का?

पुष्पावती : विश्वस्ताच्या जागेला वारस नसतो. धर्मादाय कचेरीनं तेच तांबड्या शाईत लिहून अर्ज परत पाठवलाय. ‘मंडळाने ठराव करून नेमणूक करावी.’ वाचलंत ना?

सहादूतात्या : चार येळा वाचलं. ताई, हितं कारकून व्हायच्या आधी मी चौतीस वर्सं तलाठी हुतो. मानूस गेला की पयलं काम वारस नोंद. मयताचं नाव कमी करायचं, वारसाचं चढवायचं, खाली सर्कल साहेबाची सही. मास्तर गेले आन हात आपला चालला. फॉर्मात रकाना हुता, ‘त्यांच्या जागी कोण’. मी लिवलं, पुष्पावती कोंडीराम, नातं मुलगी. त्या हप्त्यात मला दुसरं काय सुचतच न्हवतं.

पुष्पावती : मलाही नव्हतं सुचत. राहू दे.

सहादूतात्या : चहा घ्या आधी. बन्सी शिपायानं ठिवलाय. यष्टीनं आलात, तोंड पार सुकलंय.

पुष्पावती : ह्या कचेरीत चहा कधीपासून मिळायला लागला?

सहादूतात्या : पावन्यांना पयल्यापासनं मिळतो. विश्वस्तांना न्हाई. मास्तरांचा दंडकच हुता, विश्वस्तानं मीटिंगला चहा घरून पिऊन यायचं, संस्थेचा घोट घ्यायचा न्हाई. एकदा मामलेदार आल्ते. त्यांच्यापुढं चहा आला, मास्तरांनी आपला कप त्यांच्याच म्होरं सरकवला आन बाहेर जाऊन रांजनातलं पानी पिऊन आले. मामलेदाराला दोन कप प्यावं लागलं. तुमी घ्या, तुमी अजून पावन्या हात.

पुष्पावती : अजून म्हणजे?

सहादूतात्या : तीनला मीटिंग हाय न्हवं. पयला विषय तुमची नेमनूक. विश्वस्त बदलला की नव्वद दिसांत कळवाया लागतं. मास्तर आठ जानेवारीला गेले, आठ एप्रिलला दिस भरत्यात. आन आपल्या घटनेत मंडळ सात जनांचं. सहाच्या सहीनं कागद गेला तर पुन्याचं विद्यापीठ जूनची मान्यता अडवून धरंल. पोरं आधीच दुष्काळी कामावर खडी फोडाया गेल्यात, वर्गात निम्मी न्हाईत. कॉलेज एक साल बंद पडलं की परत उघडत नसतं, ताई.

पुष्पावती : आणि मला हे पद हवंय का, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

सहादूतात्या : वारसाला इचारत न्हाईत.

पुष्पावती : हं. तात्या, मी मंडळातल्या आप्पासाहेबांच्या पत्रावरून आलेय. त्यांनी लिहिलंय, मराठीची जागा रिकामी आहे, जूनपासून तुम्हीच या. सतरा वर्षं झाली मला श्रीरामपुरात शिकवायला लागून. इथलं कॉलेज निघालं तेव्हा मी नानांना विचारलं होतं, येऊ का म्हणून. ते जेवत होते. उठले, हात धुतले, घटना काढली आणि नववं कलम मला वाचून दाखवलं. मग परत जेवायला बसले.

सहादूतात्या : विश्वस्त सोता, त्याचा मुलगा, मुलगी, नातू, सून, जावई, भाऊ, पुतन्या, भाचा, मेव्हना, कुनालाच संस्थेत पगारी जागा न्हाई. ‘साडू’ मी घातला त्यात. मास्तर हसले. म्हनले, तात्या, तुमचा साडू कसा हाय ते समजलं.

पुष्पावती : मला हसू नव्हतं आलं.

सहादूतात्या : तुमाला कसं येईल. पन ती घटना मुळात कॉलेजची न्हाईच. मास्तरांनी विद्यापीठाची लिवल्ती. अठ्ठावन साली आमी दोघं पुन्याला गेल्तो, नोंदनीला. साहेबानं पयलंच पान वाचलं आन चष्मा काढला. म्हनला, विद्यापीठ सरकार काढतं, कायदा करून. खाजगी मंडळाला ती परवानगी न्हाई. तुमी फार तर कॉलेज काढा आन पुन्याला जोडून घ्या. मास्तर म्हनले, बरं, कॉलेज काढतो, पन नियम विद्यापीठाचेच ठिवतो. नफा न्हाई. दिलेली जमीन परत घरी न्हाई. संस्था मोडली तर सगळं दुसऱ्या शाळेला. नात्यातला मानूस न्हाई. साहेब शिक्का मारता मारता म्हनला, मग गुरुजी, तुमाला यात काय मिळनार? मास्तर म्हनले, नगरची गाडी मिळंल का, तेवढं बघाया पायजे.

पुष्पावती : मला हे कधी सांगितलं नाही त्यांनी.

सहादूतात्या : ते सांगत हुते कुठं. या आप्पासाहेब, बसा. ताई मगाशीच आल्यात.

आप्पासाहेब : बरं झालं, पुष्पाताई, लवकर आलात. तात्या, पंखा लावा की.

सहादूतात्या : लाईट न्हाई जी सकाळपासनं.

आप्पासाहेब : असू दे. ताई, मी सरळ बोलतो, मीटिंगमध्ये शब्द वाढायला नकोत. पहिला विषय तुमची नेमणूक. दुसरा विषय, कलम नऊ रद्द. घटना बदलायला सातांपैकी पाच सह्या लागतात. माझ्याकडे चार आहेत. छबूबाई आणि पारनेरचे वकील तयार नाहीत. पाचवी सही तुमची.

पुष्पावती : आणि सही केली की?

आप्पासाहेब : केली की तुम्ही जूनमध्ये मराठीला रुजू. आईंचे डोळे गेलेत, त्या घरात एकट्या. शेजारणी किती दिवस भाकरी देतील? हे मी तुम्हाला सांगायला नको.

पुष्पावती : नका सांगू. तुमचा पुतण्या रसायनाला ना?

आप्पासाहेब : आहेच. लपवत नाही. एम. एस्सी. आहे, फर्स्ट क्लास. दोन वर्षं रसायनाला माणूस नाही आपल्याकडे. जाहिरात देतो, माणूस येतो, विहिरीवरची रांग बघतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. गेल्या वर्षी एक तर सामान न सोडता गेला. ह्या गावात कोण टिकेल? ज्याचं घर इथं आहे तो. म्हणजे आमच्यातलाच कुणीतरी. नियम चांगला आहे हो, पण नियम काय वर्गावर जाऊन शिकवत नाही.

पुष्पावती : ते खरं आहे.

आप्पासाहेब : आणि गुरुजींचीही हीच इच्छा होती. दिवाळीनंतरच्या मीटिंगला त्यांनी स्वतः तुमचा विषय काढला. मी शेजारीच बसलो होतो.

पुष्पावती : कुणी? नानांनी?

आप्पासाहेब : तात्यांना विचारा.

पुष्पावती : तात्या?

सहादूतात्या : व्हय. काढला हुता.

पुष्पावती : दिवाळीत मी चार दिवस इथं होते. आम्ही दोघांनी अंगणात बसून त्यांच्या पुस्तकांना ऊन दाखवलं. एकेक पुस्तक झटकून माझ्या हातात देत होते. ह्यातलं एक अक्षर बोलले नाहीत. प्रोसिडिंग बुक काढा.

सहादूतात्या : कशाला ताई आता.

पुष्पावती : काढा, तात्या.

सहादूतात्या : हे घ्या. नोव्हेंबर. विषय चौथा.

पुष्पावती : ‘कु. पुष्पावती यांची मराठी विषयासाठी नेमणूक करावी. त्यापुरते कलम नऊ शिथिल करावे. मांडणार, कोंडीराम मास्तर.’ आणि त्यावर ही काट. समासात त्यांची सही. ‘विषय मागे घेतला.’ आप्पासाहेब, हे नाही सांगितलंत.

आप्पासाहेब : इच्छा होती एवढंच म्हणालो मी. ती खोटी नाही. आम्ही चौघांनी माना डोलावल्या होत्या, ठराव झाल्यातच जमा होता. म्हातारी एक वाक्य बोलली आणि गुरुजी ढेपाळले.

पुष्पावती : काय बोलल्या छबूबाई?

आप्पासाहेब : सांगा तात्या, तुम्हीच लिहून घेत होता.

सहादूतात्या : छबूबाईनं आपल्या रानातली विहीर संस्थेला दिली म्हनून ती पयल्यापासनं मंडळात. तिकडं खिडकीपाशी बसती. कधी बोलत न्हाई, अंगठा देती आन जाती. त्या दिशी मास्तर म्हनले, माझी पोरगी हुशार हाय, तिची आई आता आंधळी झाली, मलाबी दम लागतो, येवढ्या बारीला मला सूट द्या. असं मागताना त्यांना मी कधी बघितलं न्हवतं. सगळे बरं म्हनले. छबूबाई म्हनली, “मास्तर, मग माझ्या नातवाला परत बोलवू का?”

पुष्पावती : नातवाला?

सहादूतात्या : हितंच बी. ए. झाला त्यो. लायब्रीत जागा निघाल्ती तवा अर्ज दिल्ता त्यानं. मास्तरांनी नवव्या कलमावर परत लावला. आता भोसरीला कारखान्याच्या गेटवर बसतो. म्हातारी रागानं न्हाई बोलली. खरंच इचारत हुती, बोलवायचं का म्हनून. मास्तरांनी बुक आपल्याकडं वढलं. मंग माझ्याकडनं पेन मागून घेतलं.

पुष्पावती : आणि तुम्ही मला हे आज सांगताय.

सहादूतात्या : म्हनले हुते, पुष्पाला सांगू नका. तिला वाटंल बाप मागाया गेल्ता आन तेबी जमलं न्हाई त्याला.

आप्पासाहेब : आता माझं ऐका. कलम काढलं की छबूबाईच्या नातवालाही दार उघडं. मी काय फक्त माझ्या घरचं बघतोय असं नाही. बोलवा की त्याला.

पुष्पावती : लायब्ररीतली जागा रिकामी आहे?

आप्पासाहेब : नाही. भरली ती तेव्हाच.

पुष्पावती : दुसरी एखादी?

आप्पासाहेब : सध्या नाही. निघेल पुढंमागं.

पुष्पावती : म्हणजे माझ्यासाठी जागा आहे, तुमच्या पुतण्यासाठी आहे, आणि तिच्या नातवासाठी होती.

आप्पासाहेब : हा टोमणा झाला, ताई.

पुष्पावती : टोमणा नाही मारत, आप्पासाहेब. काल रात्रीपर्यंत मी सामान बांधायचा हिशेब करत होते. कुठली पुस्तकं आणायची, कुठली तिथंच द्यायची. मगाशी मीही सही करणारच होते.

आप्पासाहेब : मग करा.

पुष्पावती : नेमणूक घेते मी. कलमाच्या ठरावावर सही करणार नाही. आत्ताच सांगते, नंतर फसवलं असं नको.

आप्पासाहेब : मग पहिला विषय मी मांडतोच कशाला? दुसरं नाव घेऊ. माणसं काय कमी आहेत?

सहादूतात्या : घेता यील जी. पन आजच्या नोटिशीत ताईंचंच नाव गेलंय. दुसरं घ्यायचं तर पंधरा दिसांची नवी नोटीस. आज अठ्ठावीस तारीख. म्हंजे बारा एप्रिल. आठला नव्वद दिस भरत्यात.

आप्पासाहेब : उशीर झाला तर माफी मागता येते की.

सहादूतात्या : मागता येती. तारखा पडत्यात. दिवाळीपतुर हुईल म्हना. जून मातर जाईल.

आप्पासाहेब : तात्या, खरं सांगा. ती वारसाची चूक तुम्ही मुद्दाम केलीत का?

सहादूतात्या : न्हाई जी. मला सवय हाय वारस लावायची.

आप्पासाहेब : ह्याला काय म्हणावं. ताई, एक कळतंय का तुम्हाला? विश्वस्त झालात की ह्या कॉलेजात तुम्हाला कधी शिकवता येणार नाही. कलम तुमच्यावरच येऊन बसेल. पगार नाही, गाडीभाडं नाही, आणि दर मीटिंगला श्रीरामपूरहून यायचं.

पुष्पावती : कळतंय.

आप्पासाहेब : आणि रसायनाचं काय? आदर्श ठेवा तुम्ही, पोरं मात्र वहीत नळ्या काढून पास व्हायची.

पुष्पावती : श्रीरामपुरात माझा एक जुना विद्यार्थी आहे, रसायन शिकवतो. त्याला विचारीन. येईल असं सांगत नाही. नाही आला तर दुसऱ्याला विचारीन. जो टिकणार नाही त्याला आधी विहिरीवर नेऊन रांग दाखवू, मगच बोलू.

आप्पासाहेब : गुरुजींशी पंधरा वर्षं भांडलो मी. त्यांच्यामागं वाटलं होतं, आता जरा टेकायला मिळेल. ठीक आहे, पहिला विषय मांडतो. छबूबाई आल्यात का बघतो. उन्हाची चालत येते म्हातारी.

सहादूतात्या : गेले. रागावले न्हाईत तसे. दमलेत.

पुष्पावती : सगळेच दमलोय, तात्या.

सहादूतात्या : ताई, एक सांगू का? मास्तरीणबाई जूनची वाट बघत्यात. आप्पासाहेब बोलून बसले त्यांच्याजवळ. रोज सकाळी इचारत्यात, आज कोनती तारीख, किती राह्यलं.

पुष्पावती : तिला श्रीरामपूरला चल म्हटलं की म्हणते, इथली भिंत मला हातानं कळते, तिथली कळणार नाही.

सहादूतात्या : मंग काय सांगनार?

पुष्पावती : मीटिंग झाली की घरी जाते. आज मुक्काम करीन, पहाटेची गाडी धरीन. आता दर शनिवारी येत जाईन. सांगेन मीच. काय सांगायचं ते जाता जाता ठरवते.

सहादूतात्या : छबूबाई आली बघा, पायरीवर टेकली. तीन वाजाया आले. तुमचा चहा पार निवला की. बन्सीला दुसरा सांगू?

पुष्पावती : नको. हा कपही उचला, तात्या. बाहेरचा रांजण अजून तिथंच आहे ना?