नवाला एक

ब्रिन : नवाला एक, आई! वेदरबी कॉलेजात नऊ मुलांमागे एक प्राध्यापक. स्टेट युनिव्हर्सिटीत अठरांमागे एक. यात वाद घालण्यासारखं आहे काय?

आई : वाद नाही घालत. लॅपटॉप मिट म्हणतेय.

ब्रिन : आज एक मे. संध्याकाळी पाचच्या आत होकार कळवला नाही तर प्रवेशाची जागा गेली.

आई : कळव ना! पण त्या चकचकीत पत्रकातला आकडा मला नको सांगूस. वेदरबीत मी शिकवते, तू नाही.

ब्रिन : शिकवतेस दोन वर्षं, आणि दोन्ही वर्षं त्यांच्या नावाने बोटं मोडतेस. मी तिथे आलेली तुला नकोय, सरळ सांग.

आई : तोंड सांभाळ. माझ्या वर्गात किती मुलं असतील?

ब्रिन : नऊ... दहा?

आई : सव्वीस. आणि असे दोन वर्ग.

ब्रिन : मग नऊ आले कुठून?

आई : मोजण्यातून. वर्षात एकच वर्ग घेणारे मोठे लोक, ते प्रत्येकी एक. आमच्यासारखे तासांवर राबणारे, ते तिघं मिळून एक. तुझ्या त्या 'एका'त मी तिसरा हिस्सा आहे, बाळा. डोकं माझं की पाय, तेवढं विचारून ये.

ब्रिन : पण तिथले लोक जीव लावतात! आम्ही कॉलेज बघायला गेलो, तेव्हा ते दाखवायला रोरी म्हणून तिथलाच विद्यार्थी होता. तुझा तास होता म्हणून तू नव्हतीस. जानेवारीत, भर बर्फात, एका बाईंनी त्याला स्वतःच्या गाडीत बसवून त्याचा निबंध ओळ न् ओळ वाचला. 'इथे शिक्षक इतके जवळचे असतात,' म्हणाला. सगळ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या.

आई : गाडी निळी होती?

ब्रिन : मला काय माहीत?

आई : मागचं दार दोरीने बांधलेलं. हीटर लावला की जळका वास.

ब्रिन : ...आई.

आई : मला खोली नाही, ब्रिन! टेबल नाही, खुर्ची नाही. ग्रंथालयात तोंड उघडलं की गप्प करतात. पोराला बसवू कुठे? डोक्यावर? म्हणून गाडीत बसवलं, आणि त्याचीच जाहिरात करतात हे! सप्टेंबरात मला वर्ग देणार की नाही, हेसुद्धा ऑगस्टमध्ये कळवणार. 'जवळचे' म्हणे!

ब्रिन : टाळ्या मीपण वाजवल्या.

आई : वाजव. निबंध वाचला चांगलाच होता मी.

(ब्रिन लॅपटॉप अर्धा मिटते.)

ब्रिन : स्टेटमधल्या त्या 'एका'ला असते खोली?

आई : कुणाला असते, कुणाला नाही.

ब्रिन : फोन दे तुझा. पाचला अजून दोन तास आहेत. दोन्हीकडे विचारते.

आई : काय विचारणार?

ब्रिन : पहिल्या वर्षाला निबंध कोण शिकवतं. आणि त्यांचं नाव कुठल्या दारावर आहे.