टपातलं पाणी

दवाखान्याच्या बाकावर सासू ऐसपैस बसली होती. बाळंतीण सून भिंतीला टेकून उभी होती.

“अंजना, बस की.”

“टाके ठणकतेत, आत्याबाई. पार मागपर्यंत फाटलंय.”

“म्हैना झाला बाळंत होऊन.”

“डॉक्टरीणबाई म्हणल्या व्हत्या, रोज दोनदा कोमट पाण्याच्या टपात बसायचं.”

“टँकर आठ दिसाला येतो. तुझ्या टपात कुठलं पाणी वतू?”

“म्हशीपुढं तर रोज चार हंडे ठिवता.”

“सोसायटीच्या डेअरीला तिचंच दूध जातं. तिचं पाणी तोडून कसं चालंल?”

“माझं तोडलंच की.”

“आमाला पाच लेकरं झाली, कवा टपात बसलो न्हाई.”

“दूध मी बी देते, आत्याबाई. तुमच्या नातवाला म्हैनाभर उभ्यानंच पाजतेय.”