सतरा जून, दाराच्या आतल्या बाजूला

…नाही, पण मला एक सांगा, संडासाचं दार इतकं पातळ करायचंच कशाला? सरळ पडदा लावा ना! म्हणजे निदान माणूस आशा तरी ठेवणार नाही. तुम्हाला सांगतो, त्या बोटीवर आमच्या केबिनमध्ये पलंग आणि संडास यांच्या मधे जे काही दार म्हणून होतं ना, त्यातून मला रिन्स्केच्या विणायच्या सुया ऐकू येत होत्या. सुया! टिक टिक टिक टिक… आता मला बायकोच्या सुया ऐकू येतात म्हटल्यावर बायकोला माझं काय काय ऐकू येत असेल? चव्वेचाळीस वर्षं संसार झालाय आमचा, दोन पोरी वाढवल्या, पण काही गोष्टी माणसाच्या त्याच्या त्याच्या असतात की नाही? घरी कसं, संडास खाली, पुढच्या दाराशी. आम्ही झोपतो वर. मधे पंधरा पायऱ्या आणि दोन दारं. संसार टिकतो तो अशानं! आणि इथं मधे काय, तर ही एवढीशी फळी. पलीकडे टिक टिक टिक. आणि अलीकडे मी? मी आपला बसून… नुसता बसून.

बरं, ते पाणी! पाणी कसलं, पाणी नाहीच मुळी. बटण दाबलं की आधी एक क्षण शांतता. माणसाला वाटतं, बिघडलं वाटतं. आणि मग भस्सकन! असा आवाज, की जणू कुणीतरी खालून बोटीचा घोट घेतोय. पहिल्याच दिवशी मी आपलं रिकामंच दाबून बघितलं आणि चष्मा सावरत बाहेर आलो. रिन्स्के म्हणाली, ‘‘काय रे झालं?’’ मी म्हटलं, ‘‘ते ओढतं.’’ ‘‘काय ओढतं?’’ ‘‘अगं, काय म्हणजे? जे असेल ते ओढतं!’’ तर म्हणते कशी, ‘‘वीबे, तू शहाण्णव किलोचा आहेस. तुला नाही ओढणार.’’ हे बायकोचं धीर देणं!

आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मी काही पाण्याला घाबरणारा माणूस नाही हो. एकोणचाळीस वर्षं कालव्यावरचा पूल वर-खाली केलाय मी. पुलाशेजारी माझी खोली, खोलीला लागून माझा संडास, छोटासाच, पण माझा. भिंती विटांच्या! बाहेर रेतीच्या बोटी, शिडाच्या बोटी, सगळ्या भोंगे वाजवतायत, आणि मी आत. मी उठल्याशिवाय पूल उठायचा नाही. एकदा तर चौदा बोटी थांबल्या होत्या… आणि त्याच माणसाला निवृत्तीनंतर बायकोनं बोटीवर नेऊन बसवला, डोंगरांत शिरलेले समुद्राचे ते फ्योर्ड बघायला, आठ दिवस! डोंगर सुंदर होते, नाही म्हणत नाही. धबधबे तर कुठं बघाल तिथं. पण धबधबा बघून काय वाटतं हो अशा माणसाला? सगळ्या जगाचं मोकळेपणानं चाललंय आणि मी? मी आपला बसून… नुसता बसून.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. सुके आलुबुखार खाल्ले. रिन्स्केनं घरून डबा भरून आणले होते, तिला माहीत ना. कॉफी प्यायलो चार चार कप. मग मी बोटभर हिंडायला लागलो. लोक डेकवर डोंगर बघतायत आणि मी संडास बघत फिरतोय! पाचव्या मजल्यावर नाटकघराच्या मागे एक बरा सापडला, दार जाड, आत शांत. बसलो. तर शेजारच्या खणात कुणीतरी गुणगुणायला लागला. आनंदात होता बिचारा. त्याचं झालं, तो हात धुऊन गेलासुद्धा, दुसरा आला, त्याचंही झालं… नोकरीत पुलाखालून बोटी जायच्या तशी माझ्यासमोरून माणसं येऊन गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनमधल्या संडासात गेलो, दार लावलं, बसलो, वर बघितलं, आणि काय सांगू तुम्हाला, दाराच्या आतल्या बाजूला आमचं कॅलेंडर! आमच्या घरच्या संडासातलं, वाढदिवसांचं, वार नसलेलं, वर्षानुवर्षं तेच चालणारं. आता वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच असायचं, त्यात मी नवीन काय सांगतोय, आपल्या देशात सगळ्यांच्याच घरी असतं. दिवसातून एकदा तरी निवांत नजर पडते, कुणाचा वाढदिवस चुकत नाही. पण म्हणून काय ते काढून, बॅगेत घालून, बोटीवर आणायचं? ‘‘रिन्स्के!’’ आतूनच ओरडलो मी, ओरडायची गरज नव्हती म्हणा, दार तसलं. ती म्हणाली, ‘‘तुला घरच्यासारखं वाटावं म्हणून आणलं.’’ सुया थांबल्या होत्या. ‘‘वाटतंय का?’’

खरं सांगू? चिकटपट्टीसुद्धा घरून आणली होती तिनं. मी म्हटलं, ‘‘वाटतंय.’’ आणि जूनचं पान बघत बसलो. तर सतरा तारखेला नाव. डाउवे.

डाउवे म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. मी दरवर्षी पेन्सिलीनं ते नाव खोडायचो, रिन्स्के दरवर्षी ते पेननं परत लिहायची. तोंडानं एक अक्षर नाही बोलायची. मी खोडायचो, ती गिरवायची, मी खोडायचो, ती गिरवायची. अकरा वर्षांत ते नाव इतकं ठळक झालंय, की पूर्ण वर्षात तेवढं ठळक नाव दुसरं नाही! माझं स्वतःचं नाव बघा नोव्हेंबरात, दिसतसुद्धा नाही नीट.

भांडण कशावरून? हसू नका हं. ह्याच्यावरूनच. म्हणजे ह्याच… विषयावरून.

आम्ही लहान असताना शेतावर राहायचो. संडास अंगणाच्या पार टोकाला, लाकडी खोपटं, आणि आत एक फळी, फळीला दोन भोकं, शेजारी शेजारी. मी जायचो नाही एकटा. खाली अंधार, त्यात काय असेल काय सांगावं? पोट धरून रडायचो, पण जायचो नाही. मग डाउवे यायचा. स्वतःला लागलेली असो नसो, दुसऱ्या भोकावर बसायचा आणि गोष्ट सांगायचा. एका कोंबडीची, जी कप्तान होते. रोज नवा समुद्र, रोज नवं वादळ. तो बोलत राहायचा आणि माझं… होऊन जायचं, कळायचंसुद्धा नाही. झालं, की म्हणायचा, ‘‘वीब्या, चल, उरलेलं उद्या.’’ थंडीत, बर्फात, कधी नाही म्हणाला नाही. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत! हे त्यानं कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. थुंकून शपथ घेतली होती त्यानं.

आणि माझ्या साठाव्या वाढदिवसाला, घरात गोल मांडलेल्या खुर्च्या, तेवीस माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर एक एक केकचा तुकडा, आणि हा उठून उभा राहिला आणि ती सगळी गोष्ट सांगितली. हातवारे करून! माझा रडका आवाज काढून! ‘‘डाउवे, खालून काहीतरी चावेल रे…’’ लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी. माझे पुलावरचे साहेब हसले, जावई हसले. मी केक खाली ठेवला, अर्धा, आणि उठून गेलो. स्वतःच्या वाढदिवसातून! त्यानं दोन वर्षं कार्डं पाठवली, मी उघडली नाहीत, मग त्यानंही सोडलं. गेल्या हिवाळ्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, ते मला आमच्या न्हाव्याकडून कळलं. मान खाली घालून बसलो होतो, कात्री चालू होती. म्हटलं, ‘‘हो का.’’ एवढंच. घरी येऊन त्या फळीवरच्या दुसऱ्या भोकाची आठवण काढत बसलो. आठवण यायची हो मला त्याची! भाऊ आहे माझा. पण फोन उचलून म्हणायचं काय? अकरा वर्षांनंतर पहिलं वाक्य कुठलं? ते सुचेपर्यंत मी आपला बसून… नुसता बसून.

तर उजाडली सतरा तारीख. माझा पाचवा दिवस, आणि मी कशाचा पाचवा म्हणतोय ते तुम्हाला कळलं असेल. संध्याकाळी सहाला जेवायला बसलो. आमच्या टेबलावर झ्वोल गावची खेरी नावाची बाई आणि तिचा नवरा, बोलकी माणसं. सूप संपलं, आणि एकदम दिवे बारीक, टाळ्या, सहा वाढपी गात गात आमच्याकडे! पुढे आमची केबिन आवरणारा केतुत. बालीचा, इतका गोड माणूस, रोज टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा. आज हातात केक, मेणबत्त्या, आणि केकवर, साखरेच्या अक्षरांत… डाउवे!

‘‘साहेब, वाढदिवसाच्या शुभेच्छा!’’ केतुत म्हणाला. ‘‘तुमच्या संडासात बघितलं मी. सतरा तारीख, एवढं मोठं लिहिलेलं! म्हटलं, साहेबांचंच घरचं नाव असणार.’’

मी म्हटलं, ‘‘अरे बाबा, हा मी नाही. हा माझा भाऊ.’’ केतुतचा चेहरा पडला. पण खेरीनं खुर्ची मागे सारली, उभी राहिली, आणि माझा हात धरून गदागदा हलवला. ‘‘मग भावाबद्दल अभिनंदन!’’ आणि वळून रिन्स्केला, ‘‘दिराबद्दल अभिनंदन!’’ तिचा नवरा उठला, ‘‘भावाबद्दल अभिनंदन!’’ आता आपल्याकडे हे असंच. वाढदिवस एकाचा, अभिनंदन सगळ्या खानदानाचं. शेजारचं टेबल उठलं. त्याच्या शेजारचं उठलं. अर्धी बोट आपल्याच देशातली! तुम्हाला सांगतो, चाळीस माणसांनी माझा हात हातात घेऊन माझं त्या भावाबद्दल अभिनंदन केलं, ज्याच्याशी मी अकरा वर्षं बोललो नव्हतो, आणि मी प्रत्येकाला म्हणतोय, ‘‘थँक्यू, थँक्यू, हो, पंच्याहत्तर पूर्ण, हो, तब्येत बरी आहे…’’ बरी आहे का? मला काय माहीत! एक म्हातारी म्हणाली, ‘‘काय म्हणाला सकाळी फोनवर?’’ मी म्हटलं, ‘‘अजून केला नाही.’’ ती अशी बघायला लागली, जणू मी तिची पर्स चोरलीय. ‘‘सहा वाजून गेले! तो बिचारा वाट बघत असेल.’’

रिन्स्के केक कापत होती. वर न बघता म्हणाली, ‘‘वीबे, जा.’’

गेलो. केबिनमध्ये केतुत पांघरुणं सरळ करत होता, त्याच्यासमोर कसं बोलायचं? म्हणून संडासात शिरलो, दार लावलं, झाकणावर बसलो. समोर कॅलेंडर. फोन लावला. वाजतोय… वाजतोय…

‘‘हॅलो?’’

आवाज म्हातारा झाला होता हो त्याचा. मला पहिलं वाक्य सुचलंच नाही. मी म्हटलं, ‘‘डाउवे, मला पाच दिवस झाली नाही.’’

मला वाटलं, फोन ठेवला त्यानं. मग हळूच म्हणाला, ‘‘कुठं आहेस, वीब्या?’’

‘‘बोटीवर. संडासात.’’

‘‘दार पातळ आहे?’’

‘‘खूप.’’

‘‘ते मी सांगायला नको होतं सगळ्यांसमोर,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटलं, मी किती चांगला भाऊ होतो ते लोकांना कळावं. तुझा विचारच केला नाही मी.’’ मी म्हटलं, ‘‘मी निदान केक तरी संपवून उठायला हवं होतं.’’ म्हटलं, ‘‘ऑपरेशन झालं तेव्हा यायला हवं होतं मी.’’ तो म्हणाला, ‘‘हो, यायला हवं होतंस.’’ गोड नाही बोलला. खरं बोलला. मग नाक शिंकरलं, आणि म्हणाला, ‘‘झाकण वर कर.’’

‘‘काय?’’

‘‘झाकण वर कर आणि बस नीट. तर कोंबडी काय करते, जहाजाच्या टोकाला उभी राहते, समोर बर्फाचा डोंगर…’’

तो बोलत होता. कोंबडीनं खलाशांना रांगेत उभं केलं, बर्फाला शिव्या घातल्या, एक अंडं दिलं ऐन वादळात… मी हसत होतो, डोळे पुसत होतो, बाहेर केतुत आहे की गेला, विसरलो, दार किती पातळ आहे, विसरलो… आणि कधी झालं, कळलंसुद्धा नाही. मी बटण दाबलं. भस्सकन! डाउवे तिकडे ओरडला, ‘‘काय बुडालं रे?’’ आणि दाराबाहेर टाळ्या! केतुत टाळ्या वाजवत होता! आणि त्याच्याबरोबर रिन्स्के, हातात केकची बशी घेऊन.

आता घरी येऊन तीन महिने झाले. कॅलेंडर परत आपल्या जागेवर आलंय, पेन्सिल रिन्स्केनं फेकून दिलीय. डाउवे रोज सकाळी साडेसातला फोन करतो. झालेली असो नसो, मी आत जातो, बसतो. कोंबडी आता आफ्रिकेला पोचलीय. त्याला बोलायला दम लागतो, मधे थांबतो, मी थांबतो. घरात संडास एकच. पंधरा पायऱ्या उतरून रिन्स्के येते आणि दार ठोठावते, ‘‘वीबे, अकरा वर्षं मीच ते नाव गिरवत बसले, चुकलं माझं! आता ऊठ!’’ पण तुम्हाला सांगतो, एकदा मी त्याची गोष्ट चालू असताना मधेच उठलो होतो, तर अकरा वर्षं गेली. तेव्हा ती ठोठावते बिचारी, आणि मी आपला बसून… नुसता बसून.